हृदयाभोवतीचं पाणी : एको, सीटी आणि एमआरआय काय दाखवतात?

(रौप्यमहोत्सवी वर्षातल्या व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात झालेलं हे भाषण. वक्त्या बी विंगमधील सभासद असून हृदयाच्या सोनोग्राफीचं, म्हणजे एकोचं काम करतात. सभासदांच्या आग्रहावरून त्यांनी ते स्मरणिकेसाठी लिहून दिलं आहे.)



हृदयविकारावर बोला, असं कार्यकारिणीने सांगितलं, तेव्हा बहुतेकांना वाटलं असेल की आता कोलेस्टेरॉल, बायपास आणि तेल कुठलं वापरावं यावर तासभर ऐकायला मिळणार. त्यावर तुम्ही रोज सकाळी मोबाइलवर भरपूर वाचता. म्हणून मी आज वेगळा विषय घेतला आहे. हृदयाच्या आवरणाला येणारी सूज आणि त्या आवरणात साठणारं पाणी. हा आजार हार्ट अटॅकइतका सर्रास नाही. पण वेळेवर ओळखला तर बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो आणि ओळखायला उशीर झाला तर काही तासांत जिवावर बेततो. आणि तो ओळखण्याचं मुख्य साधन म्हणजे प्रतिमा, इमेजिंग. माझं रोजचं काम तेच, म्हणून हा विषय.

सुरुवातीलाच एक घोळ निस्तरू. आपण सरसकट म्हणतो, "त्यांच्या छातीत पाणी झालंय." पण हे पाणी तीन वेगवेगळ्या जागी असू शकतं. फुप्फुसाच्या बाहेर, बरगड्यांच्या आत साठलेलं पाणी हे एक. हृदयाचा पंप कमजोर झाल्यामुळे फुप्फुसाच्या आतच झिरपलेलं पाणी हे दुसरं. आणि हृदयाभोवतीच्या पिशवीत साठलेलं पाणी हे तिसरं. तिन्हींत दम लागतो, पण तिन्हींची कारणं वेगळी आणि उपचारही वेगळे. दुसऱ्या प्रकारात लघवी वाढवणारी गोळी, जिला आपण "पाण्याची गोळी" म्हणतो, ती फार उपयोगी पडते. तिसऱ्या प्रकारात हृदय दाबलं गेलं असेल, तर तीच गोळी अपाय करू शकते. म्हणून "शेजारच्या काकूंना या गोळीने बरं वाटलं" म्हणून ती आपण घ्यायची नाही.

आता ही पिशवी म्हणजे काय ते पाहू. हृदय छातीत मोकळं लोंबकळत नसतं. त्याभोवती दोन पदरी आवरण असतं, त्याला पेरिकार्डियम किंवा हृदयावरण म्हणतात. आतला पदर हृदयाला चिकटलेला, बाहेरचा जाड आणि चिवट. दोन्हींच्या मध्ये साधारण १५ ते ५० मिलिलिटर द्रव असतो, म्हणजे एक ते तीन मोठे चमचे. दिवसाला लाखभर वेळा धडधडणाऱ्या हृदयाला घासलं जाऊ नये म्हणून निसर्गाने घातलेलं हे वंगण.

या आवरणाला सूज आली की पेरिकार्डायटिस. त्याचं दुखणं ओळखता येण्यासारखं असतं. छातीच्या मधोमध किंवा डाव्या बाजूला बोचल्यासारखं, चिरल्यासारखं दुखतं. खोल श्वास घेतला, खोकला आला की वाढतं. उताणं झोपलं की वाढतं आणि उठून बसून पुढे वाकलं की कमी होतं. रात्री उशीला टेकवत नाही म्हणून माणूस पलंगाच्या कडेला बसून गुडघ्यांवर कोपरं टेकवतो. आधी आठ-पंधरा दिवस सर्दी-तापाची साथ येऊन गेलेली असते, असंही पुष्कळदा दिसतं.

डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावतात तेव्हा कधी कधी सुजलेले दोन पदर एकमेकांवर घासल्याचा आवाज येतो. नव्या कोल्हापुरी चपलेची करकर ऐकली आहे ना? तसा. पण तो प्रत्येकात ऐकू येत नाही आणि सकाळी आला तर संध्याकाळी नसतोही. म्हणून एका खुणेवर निदान करत नाहीत. चार गोष्टी पाहतात : विशिष्ट प्रकारचं दुखणं, घासल्याचा आवाज, ईसीजीतले ठरावीक बदल आणि एकोवर नव्याने दिसलेलं किंवा वाढलेलं पाणी. यांपैकी दोन जुळल्या की पेरिकार्डायटिस म्हणतात. सीआरपी ही रक्ततपासणी सूज किती आहे ते सांगते.

इथे एक धोक्याची जागा आहे. पेरिकार्डायटिसचा ईसीजी पाहिला तर घाईत हार्ट अटॅकसारखा वाटू शकतो. सूज हृदयाच्या स्नायूपर्यंत गेली असेल, तर अटॅकमध्ये वाढणारं ट्रोपोनिनसुद्धा वाढतं. अटॅकमध्ये रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात. ते पेरिकार्डायटिसमध्ये दिलं तर सुजलेल्या पिशवीत रक्तस्राव होऊ शकतो. अशा वेळी एको मदतीला येतो. अटॅकमध्ये रक्तपुरवठा तुटलेल्या भागाची भिंत सुस्त दिसते, बाकीच्या हलतात. साध्या पेरिकार्डायटिसमध्ये सगळ्या भिंती छान हलत असतात.

पण याचा उलटा अर्थ घेऊ नका. छातीत दुखलं आणि पुढे वाकून बरं वाटलं, म्हणून "हा अटॅक नव्हे" असं घरी बसून ठरवायचं नाही. छातीतलं दुखणं म्हणजे आधी ईसीजी, मग बाकीची चर्चा.

आता एकोबद्दल. स्वीडनमधल्या लुंड इथे इंगे एडलर हे हृदयरोगतज्ज्ञ आणि हेलमुथ हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ या दोघांनी १९५३ साली हृदयाकडून परतणारे ध्वनिलहरींचे प्रतिध्वनी पहिल्यांदा टिपले. त्यासाठी यंत्र कुठून आणलं, तर जहाजबांधणीच्या कारखान्यातून. लोखंडातल्या न दिसणाऱ्या भेगा शोधायचं ते यंत्र होतं. पुढे १९६५ साली अमेरिकेत हार्वी फायगेनबॉम आणि सहकाऱ्यांनी हृदयाभोवतीचं पाणी या लहरींनी ओळखता येतं, यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. म्हणजे एको जगभर रुजला त्यात या आपल्या विषयाचा मोठा वाटा आहे. त्याआधी पाणी आहे की नाही हे कळायला एक्स-रेवरच्या सावलीवर अंदाज बांधावा लागे. साधारण पाव लिटर पाणी साठेपर्यंत एक्स-रेत हृदयाची सावली मोठी दिसत नाही. फार साठलं की ती गोल, पखालीसारखी फुगलेली दिसते. पण सावली मोठी दिसली तरी हृदय मोठं झालंय की भोवती पाणी आहे, हे एक्स-रे खात्रीने सांगू शकत नाही.

एकोत काय करतात? डाव्या कुशीवर झोपवतात, छातीला जेल लावतात आणि हाताएवढा प्रोब फिरवतात. सुई नाही, किरणोत्सर्ग नाही, उपाशी पोटी यायला नको. पडद्यावर स्नायू राखाडी दिसतो आणि पाणी काळं. हृदयाभोवती काळा पट्टा दिसला की आम्ही त्याची रुंदी मोजतो. १० मिलिमीटरपेक्षा कमी म्हणजे थोडं, १० ते २० मध्यम, २० च्या वर म्हणजे भरपूर.

मात्र पट्टीने मोजून सगळं कळत नाही. पाणी किती वेगाने साठलं हे त्याहून महत्त्वाचं. चामड्याची पखाल हळूहळू भरत गेलात तर ती सैलावते, जागा करून देते. महिनोन् महिने साठलेलं लिटरभर पाणी घेऊन चालत दवाखान्यात येणारी माणसं असतात. उलट, अपघातात किंवा महारोहिणी फाटून दीड-दोनशे मिलिलिटर रक्त एकदम पिशवीत उतरलं, तर तेवढ्याने प्राण कंठाशी येतात.

असं का होतं, हे आपल्या सोसायटीच्या पाण्याच्या पंपावरून सांगते. पंप उत्तम आहे, मोटार नवी आहे. पण टाकीतून पंपात येणारी नळी बाहेरून कुणी दाबून धरली तर? पंप घरघर फिरेल, पण गच्चीवरच्या टाकीत पाणी चढणार नाही. पिशवीतल्या पाण्याचा दाब वाढला की हृदयाचे कप्पे नीट भरतच नाहीत. आत रक्त आलं नाही तर बाहेर काय फेकणार? रक्तदाब पडतो, मानेच्या शिरा फुगतात, ठोके दबके ऐकू येतात. १९३५ साली क्लॉड बेक या शल्यविशारदांनी ही तीन लक्षणं एकत्र मांडली. या अवस्थेला टॅम्पोनाड म्हणतात.

एकोवर टॅम्पोनाडची चाहूल रक्तदाब पूर्ण कोसळण्याआधीही लागू शकते. उजव्या बाजूच्या कप्प्यांच्या भिंती पातळ आणि तिथला दाब कमी, म्हणून त्या आधी आत दबतात. हृदय सैल पडून भरायच्या वेळी उजवा कप्पा आत चेपलेला दिसतो. पोटाकडून हृदयात येणारी मोठी नीला फुगून राहते, श्वास आत घेतला तरी आकसत नाही. हे दिसलं की रिपोर्ट टाइप होईपर्यंत थांबायचं नसतं, संबंधित डॉक्टरांना त्याच क्षणी फोन करायचा असतो. अशा वेळी उपाय एकच, पाणी काढणं. एकोवर पाहत, जिथे पाणी सर्वांत जवळ आणि जास्त आहे तिथून सुई घालतात, मग बारीक नळी ठेवतात. थोडं पाणी निघालं तरी रक्तदाब वर येताना डोळ्यांनी दिसतो.

पाणी साठतं कशामुळे? पाश्चात्त्य देशांत विषाणूंचा वाटा मोठा. आपल्याकडे विषाणू आहेतच, पण क्षयरोग, टीबी, हे फार मोठं कारण. त्याखेरीज मूत्रपिंड निकामी होणं, थायरॉईड खूप कमी असणं, फुप्फुसाचा किंवा स्तनाचा कॅन्सर, संधिवात-ल्युपससारखे आजार, हार्ट अटॅकनंतर किंवा हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर येणारी सूज. एको सांगतो पाणी आहे, किती आहे, हृदय दाबतंय का. पाणी कशाचं आहे हे एको सहसा सांगत नाही. त्यासाठी ते पाणी तपासावं लागतं.

इथे मी आपल्या सी विंगमधल्या काकांची गोष्ट सांगणार आहे. नाव घेत नाही, पण त्यांनी स्वतः सांगितलंय की माझं उदाहरण दे आणि आजाराचं नाव लपवू नकोस. गेल्या वर्षी त्यांना संध्याकाळी बारीक ताप येई, भूक गेली, वजन सहा किलोने उतरलं. बागेतल्या फेऱ्या पाचाच्या दोन झाल्या. घरच्यांना वाटलं, वय झालं. मग दोन पायऱ्या चढल्या की दम लागायला लागला. एक्स-रेत हृदयाची सावली मोठी दिसली, म्हणून एको झाला. हृदयाभोवती दोन सेंटिमीटरच्या वर पाणी आणि उजवा कप्पा दबायला लागलेला. त्याच रात्री जवळजवळ ८०० मिलिलिटर पाणी काढलं. पाण्यातलं एडीए खूप वाढलेलं होतं, बाकीच्या तपासण्याही जुळल्या आणि टीबीची औषधं सुरू झाली.

खरी परीक्षा त्यापुढे होती. घरात पहिला प्रश्न आला, "बिल्डिंगमध्ये काय सांगायचं?" मुलीचं लग्न ठरत होतं. कामवाली बाई सोडून जाईल ही भीती. वहिनी आठ दिवस सगळ्यांना "व्हायरल आहे" एवढंच सांगत होत्या. मंडळी, नुसता हृदयावरणाचा टीबी शेजाऱ्याला लागत नाही. फुप्फुसात टीबी आहे का हे तपासतात, तो नसेल तर घरातल्यांनी वेगळं ताट-वाटी करायची गरज नाही. असला तरी तो हवेतून पसरतो, भांड्यातून नाही. आणि उपचार सुरू झाले की संसर्गही झपाट्याने कमी होतो. सरकारी केंद्रात औषधं फुकट मिळतात.

दुसरी परीक्षा दोन महिन्यांनी आली. ताप गेला, भूक आली, वजन वाढलं. काका म्हणाले, "आता कशाला एवढ्या गोळ्या?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक रुग्ण विचारतो. टीबीचा कोर्स साधारण सहा महिन्यांचा असतो आणि बरं वाटणं म्हणजे कोर्स संपणं नव्हे. अर्धवट सोडला तर आजार उलटतो, जंतू औषधाला दाद देत नाहीत. वहिनींनी कॅलेंडरवर रोज बरोबरची खूण करत सहा महिने पुरे केले. ते पुरे झाले याचं श्रेय एको करणाऱ्याचं नाही, त्या कॅलेंडरचं आहे.

टीबीनंतर आणखी एक गोष्ट जपायची असते. काही रुग्णांत पाणी जातं, पण आवरण जाड, कडक होतं, कधी त्यात चुना साठतो. हृदय जणू नारळाच्या करवंटीत अडकतं. याला कन्स्ट्रिक्शन म्हणतात. पाय सुजतात, पोटात पाणी होतं, यकृत वाढतं. मग माणूस यकृताच्या आजाराचे उपचार घेत फिरत राहतो आणि मूळ दुखणं छातीत असतं. आफ्रिकेतल्या आठ देशांत १४०० रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या इम्पी या अभ्यासात स्टेरॉइडमुळे एकूण फायदा सिद्ध झाला नाही, पण कन्स्ट्रिक्शनचं प्रमाण कमी झालं. एचआयव्ही असलेल्यांत मात्र काही कॅन्सर वाढले. म्हणून स्टेरॉइड कुणाला द्यायचं हे डॉक्टरांनीच माणूस पाहून ठरवायचं असतं.

कन्स्ट्रिक्शनची शंका आली की सीटी आणि एमआरआयचा खरा उपयोग होतो. सीटीत चुना लख्ख पांढरा दिसतो. आवरणाची जाडी मोजता येते. ती ४ मिलिमीटरच्या वर गेली तर ते लक्षण धरतात. पाण्याच्या घनतेवरून ते साधं आहे की रक्ताळलेलं याचाही अंदाज येतो. किरणोत्सर्ग असतो, म्हणून उगीच करत नाहीत. एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नाही. गॅडोलिनियम नावाचं औषध शिरेतून दिलं की सुजलेलं आवरण उजळून दिसतं. म्हणजे दुखणं अजून जिवंत आहे की नुसता जुना व्रण उरलाय, हे कळायला मदत होते. सूज जिवंत असेल तर औषधांनी आवरण मऊ पडण्याची आशा असते. जुना कडक व्रण असेल तर शस्त्रक्रियेने आवरण काढावं लागतं. एका चित्रावर एवढा मोठा निर्णय अवलंबून असतो. मूत्रपिंडाचा गंभीर आजार किंवा पेसमेकर असेल तर एमआरआयच्या आधी तसं सांगा.

आता उपचाराबद्दल एकच गोष्ट. विषाणूमुळे झालेल्या किंवा कारण न सापडलेल्या पेरिकार्डायटिसमध्ये सूज कमी करणाऱ्या गोळ्यांबरोबर कोल्चिसिन देतात. हे गाऊटचं जुनं औषध. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या अभ्यासात त्याने आजार उलटण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणलं. ते साधारण तीन महिने घ्यायचं असतं आणि सूज पूर्ण उतरेपर्यंत जिम, क्रिकेट, धावणं बंद. आपल्या तरुण मंडळींना हेच सर्वांत जड जातं.

भाषणानंतर जे प्रश्न आले, त्यांतले तीन इथे देते.

पहिला प्रश्न : "माझ्या एको रिपोर्टमध्ये मिनिमल पेरिकार्डियल इफ्युजन लिहिलंय. घाबरायचं का?" नाही. थोडा द्रव सगळ्यांनाच असतो. पण तो रिपोर्ट पाकिटात घालून कपाटात ठेवू नका, ज्यांनी एको करायला सांगितला त्यांना दाखवा. ताप, वजन घटणं, दम यांपैकी काही असेल तर त्यांना सांगा. पुन्हा एको कधी करायचा ते तेच ठरवतील.

दुसरा : "एको नॉर्मल आला म्हणजे पेरिकार्डायटिस नाही ना?" असं नाही. सूज असूनही पाणी नसू शकतं. नॉर्मल एको एवढंच सांगतो की आत्ता हृदय दबलेलं नाही. दुखणं चालूच असेल तर परत जा.

तिसरा चिटणीसांचा : "मग आपण सोसायटीत सगळ्यांसाठी एको शिबिर का घेऊ नये?" काही त्रास नसलेल्या दोनशे माणसांचा एको करून उपयोग थोडा आणि विनाकारण काळजी फार. शिवाय सोनोग्राफीच्या यंत्रांवर गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याचं नियंत्रण आहे, ते यंत्र मंडपाच्या स्पीकरसारखं आणून लावता येत नाही. त्यापेक्षा रक्तदाब आणि साखरेचं शिबिर घ्या, आणि दोन आठवड्यांवर खोकला किंवा ताप असलेल्याला टीबीची तपासणी करायला सांगा.

आणि खर्चच करायचा असेल तर माझ्या दोन मागण्या आहेत. आपल्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावत नाही. दम लागलेल्या माणसाला झोपवून नेलं तर त्याचा त्रास वाढतो, त्याला बसवूनच न्यायचं असतं. म्हणून वॉचमनच्या केबिनमध्ये एक चांगली व्हीलचेअर ठेवा. आणि गेटसमोरची जागा रात्रीसुद्धा गाड्यांपासून मोकळी ठेवा. १०८ ला फोन केल्यावर अँब्युलन्स गेटपर्यंत येते, गेटपासून जिन्यापर्यंतचा रस्ता आपल्या हातात आहे.

पंचवीस वर्षांत आपण एकमेकांच्या लग्नांना, मुंजींना, दुखण्यांना धावलो. पुढच्या पंचवीस वर्षांत एवढं आणखी करू या : कुणाला टीबी झाला असं कळलं तर त्याच्या दारावरून घाईने पुढे न जाता बेल वाजवून विचारू, "गोळ्या चालू आहेत ना?"